अडकलंय का कोणी?

फ्रिजचा खोका गेला कुठे हे शोधत मानसी बाहेरच्या खोलीत आली, तर खोका जेवणाच्या टेबलावर उताणा पडलेला आणि नितेश त्याला भाजीच्या सुरीने कापत बसलेला. दोन चौकोनी भोकं पाडून झाली होती. मधोमध एक लांबट खिडकी काढायचं काम चालू होतं.

"हे काय चाललंय?"

"बंपर."

"पुठ्ठ्याचा?"

"आधी पुठ्ठ्याचा करून गाडीला लावून बघायचा. नीट बसला की मग लोखंडाचा. सगळे असंच करतात."

"सगळे म्हणजे कोण? आपल्या सोसायटीत तरी कोणाला करताना बघितलं नाही मी."

नितेश धुरी नाहूरला राहायचा आणि मुलुंडच्या एका औषधांच्या एजन्सीत हिशेब बघायचा. हिशेब बघणाऱ्या माणसाने जुनी जीप घेऊन रविवारी डोंगरात, नदीनाल्यात घालावी असा काही कायदा नाही. पण छंद लागला की लागला. त्याच्या बायकोला, मानसीला, जीपचा राग होता, पण राग आला तरी तिची चौकशी काही थांबत नसे.

"आणि ही खिडकी कशाला?"

"त्यातून दोर बाहेर येतो. आत विंच असतो. गाडी चिखलात रुतली की दोर समोरच्या झाडाला बांधायचा आणि बटण दाबायचं. दोर गुंडाळला जातो, गाडी बाहेर."

"म्हणजे विहिरीचा रहाट."

"रहाटच, पण आडवा. आणि बॅटरीवर."

"आणि बादलीच्या जागी तू," मानसी म्हणाली आणि सुरी धुवायला घेऊन गेली.

आता खरं दुखणं सांगायला हवं. नितेशला स्वतःला बाहेर काढण्यासाठी विंच नको होता. ते काम किम्बर्ली करायचीच. किम्बर्ली म्हणजे मुलुंड गावठाणातल्या शेर्विनची बहीण. शेर्विन नितेशचा कॉलेजपासूनचा मित्र, त्यानेच नितेशला या जीपवाल्यांच्या ग्रुपमध्ये ओढलं होतं. त्यानंतर ओढायचं काम बहिणीकडे गेलं. दर सहलीला नितेशची जीप रुतायची, किम्बर्ली आपल्या गाडीचा पट्टा लावायची, खिडकीतून हात बाहेर काढून "न्यूट्रलमध्ये टाक रे बाबा!" असं ओरडायची आणि त्याला ओढून बाहेर काढायची. संध्याकाळी ग्रुपवर फोटो. खाली सगळ्यांचे हसणारे चेहरे. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, आपण दुसऱ्या कोणाला तरी ओढून बाहेर काढावं, आणि त्या माणसाने "थँक्यू रे" म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. ती दुसरी व्यक्ती किम्बर्ली असली तर सोन्याहून पिवळं.

आणि तशी संधी आली होती. येत्या रविवारी मुरबाडच्या पुढे एका ओढ्यात जायचं ठरलं होतं आणि शेर्विनने भीड घालून शेवटच्या गाडीचा मान नितेशला मिळवून दिला होता. शेवटची गाडी म्हणजे रुतलेल्यांना काढणारी गाडी. अट एकच, नितेशच्या दुबळ्या जीपला विंच पाहिजे.

जीप इतकी जुनी की तिला तयार बंपर बसेना. मग शेर्विन त्याला आपल्या इसिडोर अंकलकडे घेऊन गेला. इसिडोर अंकलचं फॅब्रिकेशनचं गॅरेज. खिडक्यांच्या ग्रिल, जिने, गेटं, लग्नाच्या बँडची स्टँडं, सगळं तिथे व्हायचं. अंकलने पुठ्ठ्याचा बंपर हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, खिडकीतून नितेशकडे बघितलं.

"गोल पाइपचा करू का सपाट पत्र्याचा?"

"काय फरक पडतो अंकल?"

"पाइप हलका. पत्रा भारी. पाइप वाकल, पत्रा वाकाचा नाय, मग गाडी वाकल."

"पत्र्याचाच करा," नितेश म्हणाला. वाकणं हा शब्दच त्याला नको होता.

"आनि डिझाइन? मधे कमल टाकू? माझा कमल सगल्या मुलुंडला फेमस हाय."

"अंकल, कमळ नको. रांगडा पाहिजे."

"रांगडा कमल टाकतो ना."

मोठ्या मुश्किलीने कमळ टळलं. असले बंपर रस्त्यावर लावून फिरायला परवानगी नाही, त्यामुळे तो चार बोल्टांवर बसेल असा करायचा, मागे टाकून न्यायचा आणि मुरबाडला पोचल्यावर लावायचा, असं शेर्विनने सांगितलं. अंकलने तसा केला. गुरुवारी संध्याकाळी सोसायटीच्या आवारात तो नव्या विंचसकट पहिल्यांदा जीपवर चढला. जीपचं नाक खाली गेलं आणि मागची बाजू वर आली, तशी ती कोणाच्या तरी पाया पडतेय असं दिसायला लागलं. बघायला अर्धी सोसायटी जमली.

"हे काय आहे?"

"ही तार तुटली तर?"

"याने ट्रक ओढता येतो?"

"याने माझ्या मिस्टरांना सकाळी उठवता येईल का?" हे सेक्रेटरी सुगंधाताईंनी विचारलं. नितेश प्रत्येकाला बटण दाबून दाखवत होता. दोर यायचा, दोर जायचा. लोक पुन्हा दाखव म्हणायचे.

तेवढ्यात नितेशचे वडील नारळ घेऊन खाली आले. राजाराम धुरी म्हणजे मालवणचा माणूस. तरुणपणी गिरणीत होते, गिरणी गेली, मग कुठेकुठे नोकऱ्या केल्या, पण देवाला गाऱ्हाणं घालायचं त्यांनी कधी सोडलं नाही. घरात मिक्सर आला तरी गाऱ्हाणं. नवीन वस्तू आणि गाऱ्हाणं नाही, हे त्यांच्या डोक्यातच बसत नसे. त्यांनी बंपरला हळदकुंकू लावलं, डोळे मिटले आणि आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!" जमलेले सगळे ओरडले. सोसायटीतले गुजराती आणि तमिळही एव्हाना हे शिकले होते.

"आज ह्या धुऱ्यांच्या लेकरान गाडयेक ह्या नवा यंत्र बसवल्यान हा, तेका तू बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण अडलो आसात, नडलो आसात, रुतलो आसात, तेका ह्या यंत्रान भायेर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे थांबायचं होतं. पण समोर एवढी माणसं, एवढा प्रतिसाद. राजारामांना चेव चढला.

"आणि ह्या यंत्राची पयली ओढ आमच्या अडलेल्या शेजाऱ्याची, मगे डोंगराची, असा आज तुझ्यासमोर बोलतंव, तां मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यात मोठा आवाज मानसीचा होता. नारळ फुटला. नितेशचा चेहरा पडला.

"बाबा, हे शेवटचं काय बोललात?"

"तोंडातसून इला."

"अहो, रविवारी मला जायचंय! त्याच्या आधी शेजारी कुठून अडकवू मी?"

"तां माका म्हायत नाय. देवासमोर बोल्लंय, आता शेजाऱ्याक ओढल्याशिवाय यंत्र डोंगरार न्हेवचा नाय."

नितेश शिकलेला होता, कॉम्प्युटरवर काम करायचा, या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. पण त्याच्या चुलतभावाने एकदा गाऱ्हाण्यात बोललेला नारळ दिला नव्हता आणि त्याच महिन्यात त्याच्या दुकानाचं शटर जे बसलं ते उठलंच नाही. विश्वास नसला तरी विषाची परीक्षा कोण घेणार? त्या रात्री त्याने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "अडकलंय का कोणी? फुकटात ओढून मिळेल."

उत्तरं भराभर आली. तिसऱ्या मजल्यावरच्यांचं प्रमोशन अडकलं होतं. मीरा मावशींच्या मुलाचं लग्न अडकलं होतं. कोणाचा पासपोर्ट, कोणाचा घसा. गाडी मात्र एकाचीही नाही. हे मोठंच आश्चर्य होतं, कारण गल्लीतला रस्ता खणून ठेवला होता आणि त्या चिखलात रोज एखादा तरी टेम्पो रुतायचा. शुक्रवारी नितेशने ऑफिसला दांडी मारली आणि खड्ड्याकडे बघत गेटात बसून राहिला. दुपारी काम करणारे आले आणि त्यांनी खड्ड्यावर जाडजूड लोखंडी पत्रे टाकले. वर्षभर सांगून जे झालं नव्हतं ते त्या दिवशी झालं. सगळी गल्ली खूश. नितेशला मात्र त्या माणसांना जाऊन विचारावंसं वाटलं की बाबांनो, तुम्हाला आजच बुद्धी का झाली?

दुसऱ्या मजल्यावरच्या देवेशची गाडी पावसाळ्यापासून कव्हरखाली उभी होती. नितेश आशेने त्याच्याकडे गेला.

"देवेश, तुझी गाडी बंद आहे ना? चल, ओढतो."

"बंद नाही रे, मी चालवत नाही नुसती." त्याने किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. "बघ! झकास ना?"

"झकास," नितेश म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "यार, एक काम करशील? पत्र्याच्या पलीकडे थोडा चिखल उरलाय. त्यात जरा गाडी घाल ना."

"वेड लागलंय का तुला?"

"दोन मिनिटं! लगेच काढतो."

वरून बाल्कनीतून राजारामांचा आवाज आला. "मुद्दाम अडकवलेलो चलाचो नाय!"

शनिवार उजाडला. नितेश चहा पिईना, पोहे खाईना. मानसीला खरंच वाईट वाटलं. तीच मग सुगंधाताईंकडे गेली आणि दोघींनी मिळून डोकं चालवलं. सोसायटीचं मोठं सरकतं गेट! फरशा बसवणाऱ्यांनी खालच्या रुळात सिमेंट सांडलं होतं, तेव्हापासून ते अर्धवट उघडं अडकून बसलं होतं. गाड्या उरलेल्या फटीतून आरसे मिटून जायच्या.

"गेट म्हणजे शेजारी होतं का पण?" सुगंधाताईंनी विचारलं.

राजारामांनी बराच वेळ विचार केला. "गेट सोसायटीचा. सोसायटी म्हंजे शेजारी. चलात."

नितेश उडालाच. त्याने शेर्विनला फोन केला, शेर्विनने अंकलला, दोघं किम्बर्लीच्या गाडीत बसून आले. बंपरची पहिली ओढ बघायला कोणाला आवडणार नाही? जीप कुंपणाच्या भिंतीलगत गेटाच्या मागच्या कडेसमोर उभी केली. बाहेर जायची वाट अडली, पण पाच मिनिटांचाच प्रश्न होता. दोर गेटाला अडकवला, हँडब्रेक ओढला. नितेश रिमोट घेऊन उभा राहिला. तेवढ्यात इसिडोर अंकल गेटाजवळ गेले, वाकले आणि ओरडले,

"अरे, हा कमल माझा! हा गेट म्याच केलाय!"

गेटाच्या कडेला खरंच वरपासून खालपर्यंत लोखंडी कळ्या होत्या, चांगल्या मुठीएवढ्या. अंकलचा ऊर भरून आला. मग त्यांच्या लक्षात आलं की एका बाजूला त्यांचा बंपर आहे आणि दुसऱ्या बाजूला त्यांचं गेट. ते जरा मागे सरकून उभे राहिले.

"अंकल, कोण तुटेल?" शेर्विनने विचारलं.

"माझा काम तुटाचा नाय."

"पण दोनपैकी काहीतरी..."

"काय पन तुटाचा नाय!"

आणि तसंच झालं. नितेशने बटण दाबलं. दोर ताणला गेला, विंच गुरगुरला. गेट हललं नाही. बंपर वाकला नाही. मधे उरली होती फक्त जीप, आणि तिच्याखाली होत्या शेवाळलेल्या फरशा. जीप चारही चाकं जाम करून, नाक खाली घालून, हळूहळू गेटाकडे घसरत निघाली.

"अरे, गाडी चालली!" मानसी ओरडली.

"गेट हलेल आता!" नितेश म्हणाला आणि बोट काढेना. ही त्याची चूक. खडाक्‌! कमळाच्या दोन कळ्या बंपरच्या दोन चौकोनी भोकांत शिरल्या. आत जाताना पाकळ्या सरळ घुसल्या, बाहेर येताना त्याच आडव्या आल्या. त्याने बटण उलटं दाबलं, दोर सैल पडला, पण जीप काही सुटेना. धुऱ्यांची गाडी सोसायटीच्या गेटाला चिकटली.

"न्यूट्रलमध्ये टाक रे बाबा!" मागून ओळखीचा आवाज आला. किम्बर्लीने पट्टा बांधलासुद्धा होता. तिने आपली गाडी रिव्हर्समध्ये टाकली, जीपला मागून ओढलं, जीपबरोबर गेट आलं, रुळातलं सिमेंट कडकड फुटलं आणि कित्येक वर्षांनी गेट पूर्ण उघडलं. टाळ्यांचा कडकडाट. "किम्बर्ली झिंदाबाद!" असंही कोणीतरी म्हणालं. शेर्विनने सवयीने फोटो काढला. नितेशला त्या क्षणी रडू येत होतं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता कापायचं काय, गेट का बंपर? अंकलनी दोन्ही हात पसरले. "दोनी माझी लेकरां. कापाचा नाय. सोमवारी सावकाश बसून सोडवतो." मग एकच मार्ग उरला. बंपरचे चार बोल्ट काढले, बंपर विंचसकट गेटाला लटकत राहिला आणि जीप मोकळी झाली. तिचं नाक वर आलं. नितेशने ती मागे घेतली.

यात एक गोष्ट सगळे विसरले होते. रुळाला उतार होता, आणि आतापर्यंत गेट जीपने धरून ठेवलं होतं. जीप हटली तसं एवढ्या लोखंडाचं ओझं घेऊन गेट घरंगळत निघालं आणि धाडकन पूर्ण बंद झालं. सगळ्यांनी मिळून जोर लावला. ते वीतभर सरकायचं, दमलेल्यांकडे जरा बघायचं आणि परत जागेवर जायचं.

आत पहिल्या मजल्यावरची ऋतिका स्कूटर घेऊन उभी. ती घाटकोपरच्या हॉस्पिटलात नर्स, दुपारची ड्युटी. "काका, माझी वाट लागेल हो!" ती नितेशला म्हणाली. "सकाळपाळीवाली माझ्यासाठी थांबलीय तिकडे." बाहेर देवेश. काल गाडी सुरू झाली म्हणून नेमका आजच फिरवायला घेऊन गेलेला. त्याच्यामागे टेम्पो, टेम्पोमागे शाळेची बस, पत्र्यांवर सगळी गल्ली तुंबलेली आणि हॉर्नचा गोंधळ. सुगंधाताई कपाळाला हात लावून उभ्या. "अहो धुरी, अख्खी सोसायटी अडकली!"

नितेश एकदम थबकला. त्याने गेटाकडे बघितलं, गेटाला लटकणाऱ्या विंचकडे बघितलं, मग पाण्याच्या टाकीच्या भिंतीतल्या लोखंडी कड्याकडे.

"अंकल, विंचबरोबर कप्पी आली होती ना? दोर कप्पीवरून मागे फिरवून त्या कड्याला लावला तर?"

अंकलचे डोळे चमकले. "तर गेट सोताला ओढल!"

शेर्विनने जीपची बॅटरी काढून आणली. कप्पी गेटाला बांधली, दोर फिरवून कड्याला अडकवला. बाहेरचे हॉर्नसुद्धा थांबले. नितेशने बटण दाबलं. विंच गुरगुरला आणि ते धूड, कमळं, बंपर, हळदकुंकू सगळ्यांसकट, सुतासारखं सरळ मागे सरकत गेलं. ऋतिका सुसाट बाहेर पडली. जाताना नितेशकडे बघून ओरडली, "थँक्यू काका!"

राजारामांनी टोपी काढून हात जोडले. "झाली पयली ओढ. आता जा खंय जातंस तां."

पण जाणार काय घेऊन? विंच गेटावर, गेट सोसायटीचं, आणि बंपर सुटणार सोमवारी. शेवटच्या गाडीचा मान किम्बर्लीकडे गेला. "माझ्या बाजूला बसून ये ना," ती म्हणाली. तिने ते चांगल्या मनाने म्हटलं होतं, म्हणूनच ते जास्त लागलं. नितेश येत नाही म्हणाला. वर सुगंधाताईंनी बजावलं, "यंत्र तुमचं, सोमवारपर्यंत गेटची ड्युटी तुमचीच." शनिवारी संध्याकाळभर तो वॉचमनच्या खुर्चीत बसून लोकांना आतबाहेर करत होता. जे जात होते ते हात वर करत होते. त्याला हळूहळू ते आवडायला लागलं होतं, पण हे तो मानसीकडेही कबूल करणार नव्हता.

रविवारी सकाळी तो घरात पोहे खात होता. रिमोट ताटाशेजारी. दूधवाल्यासाठी त्याने वरूनच बटण दाबून गेट उघडलं आणि परत बंद केलं होतं. खालून हॉर्न वाजला, मग फोन.

"नितेश, मी किम्बर्ली. काल माझा पट्टा तुझ्या गाडीत राहिला, तो घ्यायला आत आले. दूधवाला गेला तेव्हा गेट उघडं होतं ना, त्यातूनच शिरले, आणि ते मागून बंद झालं."

"बरं मग?"

"मग काय मग! सगळे पुढे गेले रे. ढकलून बघितलं, हलत नाही."

"नक्की झालंय काय पण?" नितेशने चमचा खाली ठेवला.

खालून पुन्हा हॉर्न वाजला. "अडकलेय यार मी! ये ना, बाहेर काढ."

नितेशने लिफ्टची वाट बघितली नाही. रिमोट घेऊन लुंगीवरच जिने उतरला. बरेच टोमणे त्याने महिनोन्‌महिने जपून ठेवले होते, चांगले धार लावलेले, पण समोर किम्बर्ली घड्याळाकडे बघत स्टिअरिंगवर बोटं वाजवत होती आणि तिचा चेहरा इतका काकुळतीला आलेला की त्याला एकही आठवेना. त्याने नुसतं बटण दाबलं. गेट सरकलं. गाडी बाहेर पडली, आणि खिडकीतून तिचा हात वर आला.

"थँक्यू रे!"

तो गल्लीच्या टोकापर्यंत बघत उभा राहिला. वर बाल्कनीतून मानसीने विचारलं, "कोण होतं रे? एवढ्या घाईने पळालास ते?"

"काही नाही गं," नितेश म्हणाला. एवढं मोठ्याने म्हणाला की तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. "किम्बर्ली अडकली होती. ओढून बाहेर काढलं!"